पंधरा हजारांतला हॉल

भाड्याचा वन बीएचके, साधारण दहा बाय चौदाचा हॉल, एक खिडकी, गॅलरीचं एक दार, छताजवळ पांढरी ट्यूब आणि हातात पंधरा हजार रुपये. पुण्यात असा, डोंबिवलीत असा की नाशिकला, चित्र फारसं बदलत नाही. या पैशांत फॉल्स सीलिंग होत नाही, भिंतभर टीव्ही युनिट होत नाही, आणि दोन्ही होत नाहीत तेच बरं. आधीच साडेनऊ फुटांचं छत; त्यातले सहा इंच पीओपीने खाल्ले की खोली बसकी दिसायला लागते. टीव्ही युनिटच्या कप्प्यांत काय ठेवायचं हा प्रश्न मग वर्षानुवर्षं सुटत नाही आणि शेवटी त्यात औषधांच्या पिशव्या जाऊन बसतात.

पंधरा हजारांत हॉल देखणा होतो, फक्त खर्चाचा क्रम बदलावा लागतो. आपल्याकडे बहुतेक घरांत आधी सोफा येतो, मग त्याच्यापुढे टीपॉय, मग सोफ्याला शोभेल असा रंग, उरल्या पैशांत पडदे, आणि दिवे मात्र बिल्डरने लावून दिले तेच. हे सगळं उलटं करा. आधी नको ते बाहेर, मग उजेड, मग कापड, त्यानंतर भिंती. फर्निचर सगळ्यांत शेवटी आणि जमेल तितकं कमी.

पहिल्या कामाला पैसे लागत नाहीत, धीर लागतो. शोकेस उघडा. वास्तुशांतीला आलेली तीन घड्याळं, काचेतले राधाकृष्ण, शाळेतल्या ट्रॉफ्या, कधीच न वापरलेला टी-सेट, सहलीहून आणलेले शंख. हे सगळं खोक्यात भरा आणि खोकं पलंगाखाली सरकवा. टाकून द्यायचं नाही. टाकायचा विषय काढला की घरात वाद सुरू होतो आणि काम तिथेच अडतं. महिन्याभरात ज्या वस्तूची कुणाला आठवण होईल ती परत वर येईल. मावशीने दिलेलं घड्याळ मावशी येणार त्या दिवशी लावता येतं. मावश्या फोन करूनच येतात.

मग तारांकडे वळा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा डबा आणि चार्जर यांच्या लोंबत्या तारा जितक्या डोळ्यांत खुपतात तितकं जुनं फर्निचरही खुपत नाही. भिंतीच्या रंगाची पीव्हीसी केसिंग पट्टी इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळते. पाठीमागच्या चिकटपट्टीवर फार विसंबू नका, पावसाळ्यात ती सुटते. दोन-चार बारीक स्क्रू मारून घ्या.

आता उजेड. कमी पैशांत सगळ्यांत मोठा फरक इथे पडतो आणि नेमकं इथेच आपलं लक्ष नसतं. एलईडी बल्बच्या खोक्यावर वॅटच्या आसपास ‘के’ लावलेला एक आकडा छापलेला असतो. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा उजेड. आपल्या बहुतेक घरांतल्या ट्यूब याच असतात. २७०० ते ३००० के म्हणजे जुन्या फिलामेंटच्या बल्बचा पिवळसर, उबदार उजेड. ४००० के या दोहोंच्या मधला. दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ असं मागा, किंवा सरळ आकडा सांगा. नुसतं ‘पिवळा’ म्हणालात तर एखादा दुकानदार झिरोचा पिवळा बल्ब काढून हातात ठेवेल.

छताजवळची ट्यूब सगळीकडे सारखाच उजेड टाकते. सावली कुठेच पडत नाही, म्हणून कापडाचा पोत दिसत नाही, लाकडाच्या रेषा दिसत नाहीत, माणसांचे चेहरेसुद्धा सपाट दिसतात. तेच बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याहून खाली, तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत तीन छोटे दिवे ठेवले की खोलीला खोली येते. ट्यूब काढू नका. तांदूळ निवडायला, मुलांच्या अभ्यासाला, हरवलेलं कानातलं शोधायला ती लागतेच. ती कामापुरती लावायची. संध्याकाळी सातनंतर तीन दिवे. तिन्हींत पाच ते सात वॅटचे बल्ब पुरतात. सात वॅटचे तीन रोज पाच तास जाळले तरी महिन्याला जेमतेम तीन युनिट होतात. तिन्ही बल्ब मात्र एकाच ‘के’चे हवेत. एक पिवळा, एक पांढरा असं झालं की नेमका कुठला दिवा बिघडलाय असा प्रश्न पाहुण्याला पडतो.

दिव्यांसाठी महागड्या दुकानात जायचं कारण नाही. मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे होल्डर, वायर, प्लग आणि मधला स्विच सुटा मिळतो. शेडसाठी बुरूड आळीतून एक मध्यम टोपली घ्या. पुण्यात ती आळी अजून आहे, आणि इतर गावांत आठवडी बाजाराला बुरूड बसतातच. टोपली उपडी करून तळाला होल्डरपुरतं भोक पाडून घेतलं की बांबूच्या विणीतून भिंतीवर जी नक्षी पडते ती कुठल्याही तयार झुंबराला भारी आहे. बल्ब एलईडीचाच लावा, फिलामेंटचा फार तापतो. बल्ब आणि बांबू यांच्यात चार बोटांचं अंतर राहू द्या. जोडणीला इलेक्ट्रिशियन बोलवा. शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही. तिन्ही दिव्यांचं सगळं मिळून दोन हजारांत आटोपतं. आणि हो, टीव्हीमागे जांभळी एलईडी पट्टी लावायचा मोह होईल, तो टाळा. हॉलला मोबाइलच्या दुकानाची कळा येते.

कापडावर मी पंधरातले पाच हजार लावीन, म्हणजे सगळ्यांत जास्त. आधी पडदे. साधारणपणे पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून लावतात आणि पडदा खिडकीच्या खाली चार बोटांवर संपतो. त्याने चार फुटांची खिडकी चार फुटांचीच दिसते, खरं तर जरा लहानच. रॉड जमिनीपासून आठ फुटांवर लावा, खिडकीच्या दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच बाहेर काढा आणि पडदा थेट जमिनीपर्यंत येऊ द्या. उघडल्यावर पडदा भिंतीवर सरकतो, काच पूर्ण मोकळी राहते आणि छत उंच वाटतं. पडद्याची एकूण रुंदी खिडकीच्या दुप्पट हवी, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि वाळत घातलेल्या चादरीसारखं दिसतं.

हिशेब करून बघा. आठ फुटांची उंची, वर-खाली दुमडायला फूटभर, म्हणजे एका पाखाला नऊ फूट, अर्थात पावणेतीन मीटर. दोन पाखांना साडेपाच मीटर. दीडशे रुपये मीटरचं सुती कापड घेतलं तर सव्वाआठशे रुपये, वर शिलाई आणि रॉड. एका खिडकीचं सतराशेच्या आत बसतं, गॅलरीच्या दाराचंही जवळपास तेवढंच. गल्लीतला शिंपी पडदे शिवायला सहसा नाही म्हणत नाही, फक्त गणपती-दिवाळीच्या आधी जाऊ नका. कापड शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या. सुती कापड आटतंच, आणि जमिनीला टेकणारा पडदा पहिल्या धुण्यानंतर घोट्याच्या वर आला की सगळी शान जाते.

कापड कोणतं? मला विचाराल तर मांजरपाट. बिनधुवट, किंचित पिवळसर, अंगाने जरा खरबरीत; आजवर आपण ते अस्तराला नाहीतर पिशव्यांना वापरत आलो. उन्हात त्यातून जो उजेड झिरपतो तो चकचकीत पॉलिएस्टरमधून कधीच येत नाही. मुंबईत मंगलदास मार्केटात ते मिळतं, गावोगावच्या जुन्या कापडदुकानांतही मिळतं. थोडं जाड आणि रंगीत हवं असेल तर खादी भांडारात २ ऑक्टोबरच्या सुमारास सूट लागते, तेव्हा जा.

जुन्या साड्यांचे पडदे हा सल्ला सगळेच देतात, पण तो अर्धवट देतात. जॉर्जेट, शिफॉन आणि छापील सिंथेटिक साड्यांचे पडदे करू नका, ते जुन्या साडीचे पडदेच दिसतात. रेशमी तर मुळीच नको. उन्हाने रेशीम कुजतं, आणि आजीच्या पैठणीला कात्री लावण्याइतकी टंचाई आलेली नाही. सुती काठाची साडी मात्र उत्तम. साडेपाच मीटर म्हणजे अठरा फूट, त्यात नऊ फुटांची दोन पाखं बरोब्बर निघतात. पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास, म्हणजे दोन पाखं मिळून नव्वद. चार फुटांच्या खिडकीला जवळजवळ दुप्पट. साडी अशी आडवी कापली की काठ पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात, वेगळी किनार लावावी लागत नाही. घरात सुती नऊवार असेल तर सत्तावीस फुटांत तीन पाखं. मागे मांजरपाटाचं अस्तर दिलं तर साडीचा रंगही लवकर उडत नाही.

खाली अंथरायला सुती सतरंजी घ्या, आणि मोठी घ्या. सोफ्याचे किंवा दिवाणाचे पुढचे पाय तिच्यावर आले पाहिजेत. खोलीच्या मधोमध पायपुसण्याहून थोडा मोठा गालिचा टाकला की सगळं फर्निचर त्याच्यापासून लांब पळाल्यासारखं दिसतं. जूट दिसायला छान, पण मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो आणि ते सहज धुताही येत नाही. देशावर कोरड्या हवेत चालेल. दिवाण किंवा जुना सोफा झाकायला सोलापुरी चादर टाका. तिची नक्षी विणलेली असते, छापलेली नाही, आणि उलट्या बाजूला तीच नक्षी रंग बदलून येते. कंटाळा आला की पालटायची. फक्त भडक मोर आणि गुलाबांचा मोह आवरा, चौकडीची किंवा साध्या भौमितिक नक्षीची निवडा. पडदे, सतरंजी, चादर, उशांचे अभ्रे या सगळ्यांत मिळून तीन रंग पुरे: एक मांजरपाटाचा पांढुरका, एक गडद, आणि तिसरा खणाच्या काठात असतो तसा एखादा ठसठशीत, तोही दोन-तीन ठिकाणी थोडा थोडा. खणाच्या एकेका तुकड्यात उशीचा एकेक अभ्रा होतो.

भिंतींबद्दल थोडक्यात. चारही भिंती रंगवू नका. बसल्यावर समोर दिसते ती एकच भिंत घ्या. दहा बाय नऊची, आधी रंगवलेली आणि न पोपडलेली भिंत असेल तर दोन हातांना लिटरभर इमल्शन सहसा पुरतं. मध्ये वाळायला किती वेळ द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढा द्या. शेडकार्डावरच्या तिकिटाएवढ्या चौकोनावरून रंग ठरवू नका. मोठा पुठ्ठा रंगवा आणि तो सकाळच्या उन्हात आणि रात्रीच्या दिव्यात त्याच भिंतीला टेकवून बघा. पिवळ्या उजेडात राखाडी रंग हिरवट किंवा मळका वाटू शकतो. ओल असलेल्या भिंतीला आधी ओलीचं कारण शोधून बंद करा, वरून रंग लावला तर एका पावसाळ्यात पोपडे धरतात. भिंती कोरड्या आणि रंगारी मोकळे असे दिवस फेब्रुवारीपासून मेपर्यंत मिळतात. दसऱ्याच्या तोंडावर गेलात तर मजुरी जास्त आणि काम घाईचं. घरमालकाची परवानगी व्हॉट्सअॅपवर का होईना पण लेखी घ्या, अकरा महिन्यांनी डिपॉझिट परत घेताना ती उपयोगी पडते. आणि वॉलपेपर नको. आपल्या दमट हवेत त्याच्या कडा सुटतात.

रंगवलेल्या भिंतीवर काय लावायचं? ‘होम’, ‘लव्ह’ लिहिलेल्या पाट्या लावायच्या नसतील तर आपल्याकडे चित्रांची काय कमी आहे! राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. रविवर्मा १९०६ मध्ये गेला. त्याच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपलाय, त्यामुळे चांगल्या प्रतीची प्रतिमा मिळवून डिजिटल प्रिंटच्या दुकानात जाड, मॅट कागदावर ए-थ्री आकारात छापून घेता येते. याहून माझ्या आवडीची जागा म्हणजे रद्दीचं दुकान. तिथे जुने दिवाळी अंक मिळतात, आणि दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं मिळाली तर समजा लॉटरी लागली. अंक फाडू नका. मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स किंवा स्कॅन काढून ती फ्रेम करा आणि अंक कपाटात ठेवा. वारली चित्र घ्यायचं असेल तर बॅगांवर-मगांवर असतं तसं बाजारातलं छापील न घेता हाताने काढलेलं लहानसं घ्या. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या भागातले कलाकार प्रदर्शनांत स्वतः बसतात, आणि गेरूच्या पार्श्वभूमीवरचं वीतभर चित्रही भिंत धरून ठेवतं.

तीन-चार फ्रेम सारख्या काळ्या किंवा सागवानी पट्टीच्या करा आणि एकत्र, जवळजवळ लावा. जुन्या वाड्यांत तसबिरी छताखाली पुढे झुकवून लावत, कारण छतं उंच होती आणि माणसं जमिनीवर बसून मान वर करून बघत. आता चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवा. दिवाणावर बसायची सवय असेल तर त्याहूनही खाली. घरातल्या गेलेल्या मंडळींचे हार घातलेले फोटो आतल्या खोलीत देवाजवळ हलवले तर त्यांचा मान कमी होत नाही, मात्र हे काम घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच करा.

झाडं कमी घ्या, पण एक तरी कमरेएवढं घ्या. खिडकीवर दहा छोट्या कुंड्या मांडण्यापेक्षा कोपऱ्यात एक मोठा अरेका पाम जास्त काम करतो. त्याला खिडकीचा चांगला उजेड लागतो. अंधारा कोपरा असेल तर स्नेक प्लांट. कुंडी मातीची, जमल्यास गेरू लावलेली. झाडं खोलीतली हवा शुद्ध करतात हे ऐकून दहा कुंड्या घेत असाल तर थांबा. ज्या १९८९ च्या नासाच्या अभ्यासाचा हवाला देतात, तो हवाबंद पेट्यांत केलेला होता; आपल्या हॉलला सुदैवाने खिडकी आहे. बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी मात्र आठवड्यातून एकदा न चुकता बदला. डेंग्यूच्या डासाला तेवढं स्वच्छ पाणी पुरतं.

राहिलं फर्निचर, आणि त्यासाठी तीन हजार. नवं काही येणार नाही, जुनं भरपूर येईल. जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि त्याहून स्वस्त म्हणजे तुमच्याच सोसायटीत घर बदलणारं एखादं कुटुंब. नियम एकच पाळा: लाकूड, वेत आणि लोखंड जुनं घ्या; गादी, सोफा, कापूस किंवा फोम भरलेलं काहीही जुनं घेऊ नका. ढेकूण एकदा घरात आले की ‘स्वस्तातल्या’ सोफ्याची किंमत कळते. लाकडी वस्तू उलटी करून बघा. पायाखाली बारीक भुसा पडलेला असेल किंवा टाचणीएवढी भोकं असतील तर पुढच्या दुकानात चला. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी. वेताची खुर्ची फाटकी मिळाली तर घासाघीस करून जरूर घ्या, ती पुन्हा विणून मिळते. अंध कारागिरांच्या संस्था हे काम अनेक वर्षं करत आल्यात.

आणि ते लोखंडी कपाट. लग्नात आलेलं, करड्या नाहीतर खाकी रंगाचं, प्रत्येक घरात असतंच आणि प्रत्येकाला ते लपवायचं असतं. लपवू नका. रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये गाड्या रंगवणाऱ्या माणसाला विचारा. जुना रंग पॉलिश पेपरने घासून, गंजल्या जागी रेड ऑक्साइड प्रायमर मारून तो स्प्रेने रंग देईल. ब्रशने घरी ऑइल पेंट मारू नका, त्याचे ओरखडे कायम राहतात. गडद हिरवं किंवा शेंदरीकडे झुकणारं लाल कपाट, बाजूला मांजरपाटाचा पडदा आणि पुढे टोपलीचा दिवा, एवढ्यावर हॉलची ती भिंत पुरी होते.

खरेदी करताना भाद्रपद डोक्यात ठेवा. हॉलच्या ज्या कोपऱ्यात गणपती बसतो तिथे येणारी वस्तू दोघांना उचलता आली पाहिजे. नाहीतर ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री शेजाऱ्यांना हाका मारायची वेळ येते. महाराष्ट्रात थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. मखरासाठी उरलेला मांजरपाट आणि बांबूच्या चार काठ्या पुरतात, आणि नंतर तेच कापड धुऊन कपाटात ठेवता येतं.

आता बेरीज. दिवे आणि तारा दोन हजार, कापड पाच हजार, भिंत दोन हजार, फ्रेम बाराशे, झाडं आठशे, फर्निचर तीन हजार. चौदा हजार झाले. उरलेल्या एक हजाराला पहिला पावसाळा जाईपर्यंत हात लावू नका. कुठला पडदा भिजतो, कुठल्या कोपऱ्यात ओल येते आणि संध्याकाळी सगळे नेमके कुठे बसतात, हे तेव्हाच कळतं. चौथा दिवा लागेल की खुंट्या लागतील, ते त्यानंतर ठरवा.